माधवरावांचा कोरिया

सूरजनं अंगठा टेकवला तो नेमका क्रौंच पक्ष्याच्या मानेवर. अंगठ्याला बटाटेवड्याचं तेल होतं. त्यानं तो आधी पँटला पुसला होता, नाही असं नाही. पण पँटला पुसलं की तेल जातं असा ज्यांचा समज असतो त्यांच्यापैकी आपला जावई एक आहे, हे माधवरावांना लग्नाच्या पंगतीपासून ठाऊक होतं. अंगठा उचलला तेव्हा क्रौंचाच्या पांढऱ्या मानेवर एक ओलसर गोल राहिला. इतकी वर्षं त्या तिकिटाला माणसाचं कातडं लागलं नव्हतं. चिमट्यानं उचलायचं, चिमट्यानंच ठेवायचं, पान उलटताना श्वाससुद्धा जरा बाजूला सोडायचा, असा त्या अल्बमचा सोवळा कारभार. तो आज रविवारी भर दुपारी, शनिवार पेठेतल्या या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, चटणीच्या वाटीशेजारी उघडा पडला होता, कारण मंदाकिनीबाईंना जावयाचं कौतुक करायची हुक्की आली होती. ‘अहो, दाखवा की त्याला तुमची कोरियाची तिकिटं, त्याचे साहेब तिकडचेच आहेत,’ असं म्हणून त्यांनी कपाटातून अल्बम स्वतःच काढून आणला होता. माधवरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ‘अंगठाच उठवायचा असेल तर सातबारा आणून देतो,’ ते म्हणाले. सूरज खो खो हसला. हाच तर त्याचा दोष होता. टोमणा त्याला लागत नसे. तो त्याला विनोद समजायचा आणि खड्ड्यात पाणी जिरावं तसा जिरवून टाकायचा. मग मारणाऱ्याच्या हातात नुसता रिकामा तांब्या राहायचा.

‘भारी हाय हो पप्पा हे,’ सूरज म्हणाला. ‘चोई साहेबांना लय नाद हाय तिकिटांचा. पुढच्या शनिवारी सेंड-ऑफ हाय त्यांचा, परत चाललेत घरी. मी काय म्हणतो, हे बुक आपण त्यांना देऊन टाकू. आपला मेन माणूस हाय तो.’ चोई साहेब म्हणजे रांजणगावच्या एका कोरियन कारखान्याचे मॅनेजर. त्या कारखान्यातल्या माणसांना घरून नेण्या-आणण्याच्या बसेस सूरजच्या. त्या बसेसवर सूरजचं सगळं चाललेलं, म्हणजे पर्यायानं त्यांच्या लेकीचं, शेफालीचंही. एवढा हिशेब माधवरावांनी मनात तिथल्या तिथे मांडला: साहेब जाणार, जाताना पुढच्या माणसाच्या कानात दोन शब्द घालणार, ते शब्द गोड निघावेत म्हणून आपला अल्बम. ‘देऊन टाकू’ हा शब्द त्यांना रुतला. जुनी सतरंजी देऊन टाकतात. आणि त्याहून रुतला तो ‘आपण’. शेफाली खिडकीशी मोबाइल बघत बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, ‘बाबा, द्यायचा नसेल तर सरळ नाही म्हणा. कुणाला राग येणार नाही.’ हे तिनं मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच माधवरावांना नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर म्हाताऱ्याचा खेळणं न सोडण्याचा हट्ट झाला असता. ‘विचार करून सांगतो,’ ते म्हणाले. ‘तुम्ही नका त्रास घेऊ, पप्पा,’ सूरज जिना उतरता उतरता म्हणाला. ‘तुम्ही फकस्त बांधून ठेवा. मी घेऊन जातो, मी देतो.’ तुम्हीपण चला, असं काही तो म्हणाला नाही.

खाली त्याची पांढरी गाडी गल्ली अडवून उभी होती. मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, आणि सूरज सावकाश, सगळ्यांकडे बघून हात वर करत, गाडीत बसला. माधवराव खिडकीतून बघत राहिले. हा देश पुढे चालला आहे तो असा, असं त्यांना वाटलं. म्हणजे गल्ली अडवून.

कोरिया त्यांच्या वाट्याला आला होता तो कुणालाच नको होता म्हणून. बँकेत लागून वर्ष-दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी तिकिटं जमवणारे दहा-बारा जण एका शाळेच्या वर्गात भरत. त्यांनी आपसात असा नेम ठेवला होता की एकानं एकच देश घ्यायचा, म्हणजे अदलाबदल सोपी जाते आणि भांडणं होत नाहीत. माधवराव जरा उशिरा आले. तोवर इंग्लंड गेलं होतं, जर्मनी गेली होती, जपान तर रावसाहेबांनी पहिल्याच दिवशी बळकावला होता. रावसाहेब फळ्यापुढच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसत, बाकीचे मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून. ‘तुम्ही कोरिया घ्या,’ रावसाहेब म्हणाले होते, ‘चांगला आहे, कुणी मागणार नाही.’ सगळे हसले. माधवरावही हसले, आणि घरी जाताना लक्ष्मी रोडच्या गर्दीत त्यांनी मनातल्या मनात रावसाहेबांना अशा शिव्या घातल्या की त्यांची त्यांनाच धास्ती वाटली. पण घेतला कोरिया. मग हट्टानं वाढवला. परदेशी जाणाऱ्यांच्या हातापाया पडून, अनोळखी पत्त्यांवर पत्रं धाडून. छातीवर पांढरी चंद्रकोर असलेलं काळं अस्वल आलं. पाणमांजर आलं, कस्तुरीमृग आला, रंगाच्या डबीत पडून उठल्यासारखं ते बदक आलं. ऑलिंपिकच्या वर्षी तर टोपी घातलेलं वाघाचं पिल्लू शिटाच्या शिटांनी आलं. बँकेत दिवसभर लोकांच्या सह्या जुळवायच्या आणि संध्याकाळी दिवा खाली ओढून त्या देशात जायचं, जिथे पुण्यातलं कुणी गेलेलं नाही, ज्याची राजधानी विचारली तर वरचा साहेब गोंधळतो. तिथे रावसाहेब नव्हते, साहेब नव्हते, मंदाकिनीबाईंची आठवड्याची भाजी नव्हती. माधवरावांची म्हणता येईल अशी आयुष्यात एकच जागा होती, आणि ती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

आणि मग एके दिवशी त्यांचा कोरिया नगर रोडनं चालत पुण्यात आला. आधी टीव्हीच्या जाहिरातींतून आला, मग शेजाऱ्यांच्या फ्रिजमधून, मग कपडे धुण्याच्या यंत्रातून, मग चारचाकीतून. ज्या नावासाठी माधवरावांना नकाशा उघडून दाखवावा लागे ते नाव आता बोहारणीच्याही तोंडी होतं. तिकिटांच्या क्लबात एक जण म्हणाला, ‘माधवराव, तुमचं सासर आलं की गावात,’ आणि पुन्हा सगळे हसले, तसेच, तितकेच. त्याच सुमाराला बँकेत संगणक आले. सह्या जुळवणारा डोळा कुणाला नकोसा झाला. स्वेच्छानिवृत्ती म्हणून जे काही होतं त्यातली स्वेच्छा कुणाची होती हे माधवरावांना आजवर कळलेलं नाही. निरोपाला शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ कोरियन कंपनीचं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी अल्बम उघडला, तर पहिल्यांदाच त्यांना ती तिकिटं जाहिरातीसारखी दिसली. अस्वल, बदक, क्रौंच, सगळे काहीतरी विकायला उभे राहिल्यासारखे. त्यांनी अल्बम मिटला आणि बरेच महिने काढला नाही. माणसाची नोकरी जाते, दात जातात. पण देश जातो म्हणजे काय होतं, हे त्यांना कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक पुन्हा हसले असते.

शेफालीचं तर त्याहून सरळ झालं. ती खराडीच्या एका काचेच्या इमारतीत संगणकावर काम करायला जाऊ लागली, आणि त्या इमारतीखालची जमीन ज्यांची होती त्या सोनबांच्या मुलाशी, सूरजशी, तिनं लग्न ठरवून टाकलं. ‘बाबा, मी विचारत नाहीये, सांगतेय,’ एवढंच म्हणाली. माधवरावांनी विरोध केला नाही. विरोध करणारे बाप त्यांना गावंढळ वाटत. त्यांनी फक्त टोमणे मारले, आणि ते कामाला येतील अशी त्यांची खरोखरच समजूत होती. लग्नात खराडीच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर नगरसेवक, सोनबा, सूरजची आई सोजरबाई, सूरजचे चुलते आणि सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, बँकेच्या ओळखपत्रावरचा माधवरावांचा फोटो होता, गळ्यात सोन्याची साखळी चिकटवलेला. ती साखळी त्यांची नव्हती. त्यांनी आयुष्यात साखळी घातली नव्हती. फ्लेक्सवाल्यानं सगळ्यांच्या गळ्यात घातली तशी त्यांच्याही घातली, उपकार म्हणून. लग्नाहून परत येताना ते रिक्षात मंदाकिनीबाईंना म्हणाले, ‘गुंठामंत्र्यांच्या घरात दिली आपण मुलगी.’ त्या म्हणाल्या, ‘दिली कुठे, ती गेली.’ मंदाकिनीबाई कधी कधी असं काही बोलून जात की माधवरावांना त्यांचा राग धरायलाही जागा राहत नसे.

पण शेफालीवरचा राग त्यांना तिच्यावर काढता येत नव्हता, हे खरं दुखणं. तो सगळा सूरजकडे वळत असे. सूरज चहा बशीत ओतून प्यायचा, त्याचा राग. सूरज शेफालीला चारचौघांत ‘ए मॅडम’ म्हणायचा, आणि ती हसायची, त्याचा राग. ती तसं हसताना माधवरावांना वाटायचं, हे हसणं आपल्या घरात तयार झालेलं नाही. त्यांना फार काही नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं की शेफालीनं एकदा, एकदाच, त्या माणसाकडे बघून मान खाली घालावी. आपण काय पदरात घेतलं हे तिला कळावं, आणि तिनं या दोन खोल्यांकडे, या दिव्याकडे, आपल्याकडे वळून बघावं. बाप म्हणून ही इच्छा बरी नव्हे हे त्यांना कळत होतं. कळत असूनही ती सकाळी दात घासताना त्यांच्याबरोबर उठायची आणि रात्री गोळी घेताना त्यांच्याबरोबर झोपायची.

बुधवारी दुपारी मंदाकिनीबाईंचा डोळा लागल्यावर माधवरावांनी अल्बम टेबलावर घेतला. खरं तर ते निरोप घ्यायला बसले होते. पान पान बघायचं आणि मग द्यायचा, दिलदारपणे द्यायचा, असं ठरवून. क्रौंचाच्या पानाशी ते थांबले. तेलाचा गोल आता सुकून पिवळसर झाला होता. ते बघता बघता त्यांचा हात आपोआप कपाटाच्या खालच्या खणाकडे गेला. तिथे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात उत्तर कोरिया होता. खरा जमवणारा उत्तर कोरियाला अल्बमात बसवत नाही. तिथली तिकिटं टपालपेटीचं तोंडही न बघता, कारखान्यातच शिक्का मारून, पुड्यांनी बाहेर विकली जायची; मागचा डिंक कोराच्या कोरा, कुणाच्या जिभेला न लागलेला. माधवराव त्यांना लबाड तिकिटं म्हणत. दक्षिण अल्बमात, उत्तर डब्यात. मधली सीमा त्यांनी तिथल्या पलटणींपेक्षाही कडक राखली होती. डबा उघडला तेव्हा वर बदकं होती, कोळी होते, फुलं होती. खाली, त्यांना हवी होती ती जुनी चार होती, इंग्रजीचं एकही अक्षर नसलेली. एकावर संगीन रोखलेला सैनिक आणि त्याच्या बुटाखाली दक्षिणेचा झेंडा. दुसऱ्यावर हात उंचावलेला नेता, त्याच्याभोवती हसरी मुलं. उरलेली दोन त्यांच्या विजयदिनाची. ते युद्ध दक्षिणेतल्या किती घरांतून माणसं घेऊन गेलं हे माधवरावांनी वाचलेलं होतं. असली तिकिटं तिकडे घरात ठेवणंसुद्धा अंगाशी येतं असंही कुठेतरी वाचलं होतं.

दक्षिणेच्या स्मारक-तिकिटांचं एक पान होतं: पूल, धरण, संसद, विद्यापीठ. त्यातली चार त्यांनी चिमट्यानं अलगद सोडवली. चार जागा मोकळ्या झाल्या. मागे तिकीट चिकटवायची डिंकाची कागदी बिजागरी लावून, जिभेच्या टोकानं ओली करून, त्यांनी सैनिकाला पुलाच्या जागी बसवलं. हात कित्येक वर्षांत इतका नेमका चालला नव्हता. बँकेतली खोटी सही पकडताना चालायचा तसा. चोई साहेब पान उलटतील. आजूबाजूला त्यांची माणसं असतील, नवा मॅनेजर असेल. साहेबांचा चेहरा कसा होईल याचं चित्र त्यांना नीट जमेना, कारण त्यांनी आयुष्यात कोरियन माणूस जवळून पाहिला नव्हता. पण सूरजचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तो हसत असणार, काय चुकलं हे न कळून हसतच राहणार. आणि शेजारी शेफाली असणार. तिला कळेल. सगळं नाही कळणार, पण नवऱ्यानं न बघता, न समजता, कुणाच्या तरी वर्मावर बोट ठेवलंय एवढं कळेल. त्याला काय समजतं असं वाटेल तिला. वाटू दे. माधवरावांनी पान मिटलं आणि त्यांना भूक लागली. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या दोन लाडू खाल्ले.

मग त्यांनी सूरजला स्वतः फोन केला. आजवर कधी केला नव्हता. ‘सूरजराव, अल्बम तयार आहे. केव्हाही या. आणि जेवूनच जा, तुमच्या सासूबाई डाळिंब्यांची उसळ करतायत.’ पलीकडे बसच्या इंजिनाचा आवाज होता. ‘हो पप्पा, येतो ना,’ सूरज म्हणाला. आवाज वेगळाच आला, जरा ओला. माधवरावांना तो आवडला नाही. संध्याकाळी तो आला तेव्हा पाया पडला. दोनदा उसळ मागून जेवला. माधवरावांनी त्याला स्वतः वाढलं, बसेसची चौकशी केली, सोनबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. ‘खूप मोठं काम केलंत तुम्ही धंद्याचं,’ असंसुद्धा म्हणाले. मंदाकिनीबाई डाव हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या होत्या. सूरज गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘बरं आहे ना तुम्हाला?’ ‘का, जावयाशी नीट बोललो तर ताप मोजायचा का?’ ‘मोजायला पाहिजे,’ त्या म्हणाल्या आणि भांडी घेऊन आत गेल्या.

शनिवारची संध्याकाळ सरता सरेना. माधवरावांनी वर्तमानपत्र वाचलं, मग छोट्या जाहिराती वाचल्या. फिरायला म्हणून बाहेर पडले आणि पाय नेतील तसे कसब्यापर्यंत चालत गेले. तांब्याच्या भांड्यांवर हातोडी पडत होती, तिचा ठोका आज त्यांना थेट कानशिलात ऐकू येत होता. आता पोचले असतील. आता जेवणं. आता भाषणं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, पण दातात काहीतरी अडकावं तसं काहीतरी त्यात अडकलं होतं. चोई साहेब तिकिटं जमवतात म्हणजे त्यांच्याकडेही दिवा असणार, चिमटा असणार. पुण्यात इतकी वर्षं एक माणूस होता ज्याला ते काळं अस्वल कुठल्या वर्षीचं हे सांगून कळलं असतं. आणि आपण त्याला आयुष्यातली एकच गोष्ट धाडली, ती ही. हा विचार माधवरावांनी झटकला. आपल्याला बोलावलं कुठे होतं? बोलावलं असतं तर गोष्ट वेगळी. बोलावलं असतं तर इस्त्रीचा सदरा घालून गेलो असतो, अस्वलाबद्दल बोललो असतो. बोलावलं नाही. ते हे वाक्य घरापर्यंत घोळवत आले. घरी फोन वाजला नव्हता.

रविवारी सकाळी शेफाली एकटीच आली. मंदाकिनीबाई मंडईत गेल्या होत्या. ती चपला काढून सरळ टेबलाशी आली आणि पर्समधून एक लहान, पारदर्शक पाकीट काढून ठेवलं. आत सैनिक होता, नेता होता, दोन विजयदिन होते. चारही नीट, एकावर एक न चढवता, आडवी. माधवरावांनी पाकिटाकडे पाहिलं आणि मग दाराकडे.

‘तो खाली गाडी लावतोय,’ ती म्हणाली. ‘त्याला काही माहीत नाही. मी शुक्रवारीच काढली. धरणाच्या पानावर जागा मोकळ्या राहिल्या, साहेबांनी विचारलं, मी म्हटलं, मिळाली नसतील.’

‘तुला काय कळतंय त्यातलं,’ माधवराव म्हणाले.

‘बाबा, मला अक्षर कळत नव्हतं तेव्हापासून मी तुमच्यासमोर बसून उत्तर-दक्षिणेचे दोन ढीग करत होते. चुकलं की तुम्ही हातावर चिमटा मारायचात. इतकं तरी कळतं.’ ती बसली नाही, उभीच राहिली. ‘पण ते नंतर. आधी मला बघावंसं का वाटलं माहितीये? सूरज बुधवारी घरी आला आणि म्हणाला, पप्पांनी मला सूरजराव म्हटलं. स्वतः वाढलं. इतका खूश होता, त्याच्या आईंना सांगत होता, वडिलांना उठवून सांगत होता. मी खोदून खोदून विचारलं, आणखी काय म्हणाले. तुम्ही त्याला एकही टोमणा मारला नाहीत. तेव्हाच मला कळलं की काहीतरी केलंयत तुम्ही. मग मी अल्बम घेतला आणि पान पान तपासलं.’

गल्लीत कुणीतरी कुणाच्या तरी गाडीवरून भांडत होतं. माधवरावांना एकदम आपल्या घरातला प्रत्येक आवाज ऐकू यायला लागला: फ्रिज, नळ, ते घड्याळ. ‘काँट्रॅक्टचं...’ ते म्हणाले, आणि का म्हणाले ते त्यांनाच कळलं नाही.

‘ते गेल्या महिन्यातच झालं. सह्यासुद्धा झाल्या. त्याचा अल्बमशी काय संबंध? त्याला चोई साहेब आवडतात, आणि आपले सासरे कोण आहेत हे त्यांना दाखवायचं होतं. शनिवारी सकाळी साहेब म्हणाले, ज्यानं जमवलं त्यालाच घेऊन या. दुपारी सूरज स्वतः तुम्हाला घ्यायला निघाला होता. तुमची खुर्ची साहेबांच्या शेजारी ठेवली होती.’ तिनं पाकिटाची कड टेबलाच्या कडेशी जुळवली. ‘मी सांगितलं तुम्हाला ताप आहे. तुम्हाला तिथे बसवून मला ते पान उलटताना बघवलं नसतं. मोकळं असलं तरी. ते काल रात्रीच गेले विमानानं. जाताना अस्वलाच्या पानावर हात ठेवून विचारत होते, हे कुठल्या वर्षीचं. कुणालाच सांगता आलं नाही.’

माधवरावांना ते वर्ष माहीत होतं. ते तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी शेफालीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. पण ती नवऱ्याकडे बघून नव्हती घातली. त्यांना तिचा हात धरावासा वाटला, आणि तो धरला तर ती त्याचंही काहीतरी समजेल अशी खात्री वाटली. ‘शेफू,’ ते म्हणाले.

‘झोपा,’ ती म्हणाली. ‘तो येतोय. तुम्हाला ताप आहे.’

आणि माधवराव खरोखर उठून आतल्या कॉटवर जाऊन आडवे झाले. तिनं पायांवर चादर टाकली. चादर टाकताना तिचा हात कुठेही त्यांना लागला नाही. जिन्यावर बुटांचा आवाज झाला. सूरज दोन्ही हातांत शहाळी घेऊन आला, एक पिशवी दातात धरलेली. ‘काय पप्पा, आमाला सांगायचं तरी ना. मी डॉक्टरला घेऊन आलो असतो,’ तो म्हणाला. त्यानं कोयता मागितला, नाही मिळाला, मग विळीवर शहाळं फोडलं, अर्धं पाणी ओट्यावर सांडलं आणि उरलेलं पेल्यांत ओतून तीन पेले घेऊन आला. कॉटच्या कडेला बसला. कॉट त्याच्या वजनानं वाकली. ‘साहेब लय विचारत होते तुमाला. बुक बघून येडेच झाले. मी म्हटलं, आमचे पप्पा म्हणजे काय. बोला ना कायतरी, पप्पा. आठवडा झाला, तुमचा एक पण डायलॉग नाय ऐकला.’

माधवरावांनी पेला हातात घेतला. नेहमीचं काहीतरी जिभेवर होतं, ओट्यावर सांडलेल्या पाण्याबद्दल, तयारच होतं. ते बोललं असतं तर सूरज हसला असता. पण दारात शेफाली उभी होती. बोललं तर ते तिला विष वाटणार होतं, आणि न बोललं तर त्याहून जास्त. एक घोट घेऊन त्यांनी फार वेळ शोधून, त्यांना सापडलं ते सगळ्यात साधं वाक्य उचललं. त्या वाक्यात खरोखरच काही नव्हतं.

‘पाणी गोड आहे हो, सूरजराव,’ ते म्हणाले.

सूरजचा चेहरा फुलला. दारात शेफालीनं तोंडाला लावलेला पेला खाली घेतला, आणि ती बापाकडे बघत राहिली.